नव्या प्लासेन्सियातली मेजवानी

कप्तान दॉन ओर्दोन्यो दे व्हियालपांदो यांनी जमैकाच्या दक्षिण किनाऱ्यावर शहर वसवलं, तेव्हा मी तिथं गुडघाभर चिखलात उभी होते. शहर म्हणजे काय, तर चार खुंट्या आणि त्यांना बांधलेली दोरी. कप्तानसाहेब दोरीकडे हात करून म्हणाले, "हा चौक. हे चर्च. ही नगरसभा. आणि इथं माझी हवेली." त्यांचं बोट जिकडं जाई तिकडं तिवराची झुडपं होती आणि खेकडे इकडून तिकडं पळत होते. आपल्या जन्मगावावरून त्यांनी शहराला नाव दिलं, नवं प्लासेन्सिया. खेकडे काही बोलले नाहीत. आमच्या कारकुनाने ताबडतोब कागदावर लिहून घेतलं, की कुणाचीही हरकत आली नाही.

मी क्वितेरिया. सेव्हियाच्या नदीपलीकडं, त्रियानात, माझ्या बापाची पावाची भट्टी होती. नवरा जहाजांच्या फटी डांबराने बुजवायचा. त्याच्या मागोमाग मी एस्पान्योला बेटावर आले, तो तिथं तापाने गेला, मी राहिले. सान्तो दोमिंगोत सहा वर्षं पाव भाजले आणि शेजारच्या बायकांकडून बेटावरची बोली उचलली. या मोहिमेत मला घेतलं ते भट्टीसाठी. शहर म्हटलं की ताजा पाव हवा, असं कप्तानसाहेबांचं म्हणणं. पिठाची पिंपं फोडली तर अर्धं पीठ आणि अर्धे किडे.

आम्ही त्रेपन्न माणसं होतो. त्यात सतरा जण नावाआधी 'दॉन' लावणारे. या सतरांनी कधी कुदळ हातात धरली नव्हती आणि धरणारही नव्हते. कुदळ धरली की खानदान बुडतं. विहीर खणायला माणूस मिळेना, पण शिक्षेचा खांब पहिल्या आठवड्यात उभा राहिला. चांगला, लोखंडी कड्यांचा. तो आमच्या तेल्यो सुताराने बनवला. तेल्यो मला म्हणाला, "बाई, अजून चोर नाही, चोरायला काही नाही, पण खांब बघ कसा झालाय!"

मग नगरसभा नेमली. तिवराच्या चिखलात सहा नगरसेवक! पहिल्याच बैठकीत प्रश्न निघाला, की मिरवणुकीत कप्तानांच्या उजव्या हाताला कोण चालणार. दॉन नुफ्लो दे कार्कामो म्हणाले, मी. दॉन त्रिस्तान म्हणाले, माझ्या आजोबांनी ग्रानादाच्या वेढ्यात घोडा गमावला, म्हणून मी. दोघांनी तलवारी उपसल्या. चिखलात पाय रुतल्यामुळं कुणालाच पुढं सरकता येईना, तेव्हा जागच्या जागी उभं राहून एकमेकांच्या आयांचा उद्धार केला. शेवटी दॉन त्रिस्तान मागच्या मागं बसले ते कमरेपर्यंत आत. त्यांना ओढून काढायला आम्ही साधी माणसं लागलो. उजव्या हाताचा मान दॉन नुफ्लोंना मिळाला. तीन आठवडे शहरात दुसरा विषय नव्हता, आणि त्या तीन आठवड्यांत एका माणसानेही एक बी पेरलं नाही.

नदीपलीकडं तायनो लोकांचं गाव होतं, चाळीसेक झोपड्यांचं. त्यांची शेतं म्हणजे मातीचे गोल उंच ढीग, आणि त्यात युकाचे कंद. त्या कंदाची ते भाकरी करत. पातळ, पांढरी, कुरकुरीत, वर्षभर ठेवली तरी न बिघडणारी.

त्या गावाला राजाचं फर्मान वाचून दाखवायचं होतं. कायदाच तसा होता. आधी वाचायचं, मग काय करायचं ते करायचं. कारकून टेकाडावर चढला, पागोट्यासारखी टोपी सावरली आणि स्पॅनिशमध्ये वाचू लागला. जग कुणी निर्माण केलं इथपासून सुरुवात. खाली शेतात बायका तण काढत होत्या. त्यांतली एक म्हातारी, इताबा तिचं नाव, गावच्या मुखियाची बहीण, कमरेवर हात ठेवून माझ्याजवळ आली.

"काय गं, त्या माणसाला काय होतंय? पोटात दुखतंय का?"

"नाही गं माये. तो सांगतोय, की समुद्रापार एका मोठ्या शहरात एक म्हातारा धर्मगुरू आहे. त्याने ही तुमची जमीन आमच्या राजाला देऊन टाकली."

"त्या म्हाताऱ्याने आमची जमीन बघितलीय?"

"नाही."

"आम्हाला ओळखतो?"

"नाही."

इताबाने जरा विचार केला. "मग त्याला सांग, त्याचं घर मी माझ्या भाच्याला दिलं. भाचा जरा आळशी आहे, पण घराला जपेल."

मला हसू आवरेना. कारकून वरून ओरडला, "काय म्हणतायत ते?" मी म्हटलं, "विचार करतो म्हणतायत." त्याने लिहिलं, लोकांनी नम्रपणे ऐकून घेतलं आणि मान्य केलं. खाली सही, शिक्का, दोन साक्षीदार. साक्षीदारांपैकी एक जण झाडाखाली झोपला होता.

तरी त्या गावाने आम्हाला पाच महिने पोसलं. टोपल्या भरभरून भाकरी, मासे, भाजलेल्या घोरपडी. बदल्यात आम्ही काय दिलं? काचेचे मणी, आणि ज्या घरात शिरू तिथली भांडी उचलून आणली. भाकरी खाताना दॉन नुफ्लो नाक मुरडायचे. "लाकडाचा भुसा आहे," म्हणायचे, आणि चौथी घ्यायचे.

मी मात्र रोज नदी ओलांडून इताबाकडं जायची. माझं पीठ संपलं होतं. बिनपिठाची भट्टीवाली म्हणजे घोड्याविना नालबंद. इताबाने मला शेजारी बसवलं. कंद सोलायचा, दगडाच्या कपच्या बसवलेल्या फळीवर किसायचा, तो कीस विणलेल्या लांब पिशवीत कोंबायचा, पिशवी झाडाला टांगून खाली वजन बांधायचं. पिळून पिळून पांढरं पाणी निघतं. ते पाणी एका खड्ड्यात जाई आणि खड्ड्यावर झाकण असे.

"हे पाणी प्यायलीस तर संध्याकाळ बघणार नाहीस," इताबा म्हणाली. "कंद नुसता भाजून खाल्लास तरी तेच. आधी किसणं, मग पिळणं, मग तवा. ऐकलंस? परत म्हणून दाखव."

मी म्हणून दाखवलं. तिने माझ्या हातावर चापट मारली. "हात बघ कसे मऊ तुझे. तुमच्याकडं बायका करतात तरी काय?"

मला ती आवडायची. हे सांगून ठेवते, कारण पुढचं सांगताना ते सांगायची माझी लायकी उरणार नाही.

कप्तानसाहेबांना मग सोनं आठवलं. त्या नदीत सोनं नव्हतं. इताबाच्या भावाने, गावच्या मुखियाने, दोन्ही तळवे उघडे करून दाखवले, नाही. कप्तानांनी त्याला आमच्या त्या चांगल्या खांबाला बांधलं आणि फटके मारले. शहराच्या खांबाचा पहिला उपयोग तो. म्हाताऱ्याचं वय सत्तरच्या पुढं असेल. आमचे पाद्री फ्राय गास्पार तिथं उभे राहून जपमाळ ओढत होते. पुढं येऊन एक शब्द बोलले असते तर जीभ झिजली असती का? पण मीही बोलले नाही. माझ्याकडं तर जपमाळही नव्हती.

चार दिवसांनी सकाळी पलीकडून धूर दिसला नाही. सगळं गाव डोंगरात निघून गेलं होतं. झोपड्या रिकाम्या, तवे नेलेले, पोपटसुद्धा नेलेले. इताबाच्या दारात मात्र माझ्यासाठी एक किसणी आणि पिळायची पिशवी ठेवलेली होती. शेतं तशीच, जमिनीखाली कंदच कंद.

कप्तानसाहेबांनी विजय जाहीर केला. शत्रू पळाला! चर्चची घंटा नव्हती, म्हणून तेल्योला पातेलं बडवायला लावलं. त्याच आठवड्यात संत सान्तियागोचा सण होता, तेव्हा ठरलं, विजयाची आणि सणाची मिळून मोठी मेजवानी. जेवायला काय? शत्रूचे कंद. नोकरांना पाठवून आठ पोती खणून आणली आणि निखाऱ्यांवर रचली.

मी धावत चौकात गेले. "कप्तानसाहेब, असे नका खाऊ. विष असतं त्यात. मला दोन दिवस द्या, मी भाकऱ्या करून देते सगळ्यांना."

कप्तान मखमली डगला घालून बसले होते. उन्हात डगल्याचा रंग उतरून मानेवर आला होता. ते हसले. "बाई, मी तिएर्रा फिर्मेवर, समुद्रापलीकडच्या मुख्य भूमीवर, तीन वर्षं काढलीयत. तिथं हाच कंद भाजून रोज खाल्लाय मी. रताळ्यासारखा गोड लागतो. आणि तू मला शिकवतेस?"

"तिथला गोड असेल साहेब. इथला कडू आहे. इथल्या बायकांनी मला..."

"इथल्या बायकांनी!" दॉन नुफ्लो मध्येच म्हणाले. "त्यांचंच ऐका आता. आपण उपाशी मरावं म्हणून सांगितलं असेल त्यांनी, नाही तर काय!"

"मग एक कंद डुकराला घाला आधी," मी म्हटलं. "डुक्कर जगलं तर मला हवी ती शिक्षा करा."

"डुकराला आधी? आमच्या आधी डुक्कर जेवणार?" दॉन त्रिस्तान संतापले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच ते आणि दॉन नुफ्लो एका बाजूला झाले.

मी पुढं होऊन निखाऱ्यांवरची रास लाथेने उडवली. पाच-सहा कंद चिखलात गेले. तिघांनी मला धरलं. कप्तानसाहेबांनी उभं राहून हुकूम सोडला, सणाचा अवमान आणि वरिष्ठांशी उद्धटपणा, संध्याकाळपर्यंत खांबाला बांधा. तेल्यो माझ्या मनगटात कडी अडकवताना पुटपुटला, "माफ कर बाई. मी नाही खाणार. बाकीच्यांनाही सांगतो." त्याने सुतार, खलाशी, धोबी, सगळ्या साध्या माणसांच्या कानात सांगितलं. ऐकणाऱ्यांनी ऐकलं. तसंही आमची पाळी शेवटची होती. आधी दॉन, मग इतर, असा नियम होता ना.

मी खांबावरून सगळं बघितलं. टेबल म्हणजे पिंपांवर फळ्या, त्यावर कुणाचा तरी फाटका रेशमी पडदा. मानाप्रमाणे रांग. उजवीकडं दॉन नुफ्लो. कप्तानसाहेबांनी पहिला घास घ्यायच्या आधी भाषण सुरू केलं. रोमन लोकांनी शहर कसं वसवलं, त्यांच्या स्वतःच्या पणजोबांनी अरबांचा झेंडा कसा हिसकावला. भाषण लांबत गेलं. भुकेल्या माणसांना किती वेळ थांबवणार? दॉन नुफ्लोंनी हळूच एक तुकडा तोंडात टाकला. मग दॉन त्रिस्तानने दोन टाकले, मागं कसा राहील? मग सगळेच. मी ओरडत राहिले. ओरडून ओरडून माझा आवाज बसला आणि कारकून माझ्याकडं वळून म्हणाला, "जरा हळू. कप्तान बोलतायत."

कप्तान पणजोबांपर्यंत पोचले होते तेव्हा दॉन नुफ्लोंनी पोट धरलं. आधी वाटलं, उचकी असेल. मग ते टेबलावर आडवे झाले आणि फळ्यांसकट खाली आले. दॉन त्रिस्तान "माझ्या डोळ्यांपुढं..." एवढंच म्हणाले. उलट्या, हातपाय झाडणं, ओठ निळे. मानापानाची सगळी रांग एकमेकांच्या अंगावर पडली. मला तेव्हा हसू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. त्यातला एक, दॉन गार्सेरान, तेवीस वर्षांचा होता. तो आईला हाका मारत होता, अगदी साध्या मुलासारखा.

सूर्य मावळेपर्यंत नऊ जण गेले. कप्तान दॉन ओर्दोन्यो जिवंत राहिले. भाषणामुळं त्यांच्या तोंडात घास गेलाच नव्हता.

दुसऱ्या सकाळी त्यांना गुन्हेगार हवा होता. माझ्यासमोर येऊन ते म्हणाले, "हिने विष घातलं. ही त्या लोकांना मिळालेली आहे."

"मी इथं बांधलेली होते, साहेब," मी म्हटलं. आवाज फुटत नव्हता. "तुम्हीच बांधलंत. विष घालायला माझे हात कुठं होते?"

कप्तान कारकुनाकडं बघू लागले. कारकुनाने कागद उलटा केला, सुलटा केला. कागदावर तर लिहिलंच होतं, मेजवानीआधी हिला बांधलं. स्वतःच्या हाताने लिहिलेलं आता पुसणार कसं?

तेल्यो पुढं आला आणि न विचारता कडी काढली. त्याच्यामागं खलाशी उभे होते, हातात कुऱ्हाडी, मारायला नाही, नुसत्या धरलेल्या. मी चौकातच बसले. कंद सोलले, किसले, पिशवी दंडखांबाला टांगली आणि वजन म्हणून दॉन नुफ्लोंचं छातीचं चिलखत बांधलं. निघालेलं पाणी डुकरापुढं ठेवलं. ते प्यायलं, चार पावलं चाललं आणि आडवं झालं. मग भाकरी थापली, भाजली आणि सगळ्यांसमोर पहिली मी खाल्ली. भुकेली माणसं कशी तुटून पडली! रडत होती आणि खात होती.

कप्तानसाहेब म्हणाले, "जंगली लोकांचं अन्न मी भट्टीवालीच्या हातून खाणार नाही." आणि ते आपल्या हवेलीत, म्हणजे ताडपत्रीच्या तंबूत, निघून गेले. दुपारी फ्राय गास्पार माझ्याकडं आले, खाली बघत. "एका आजाऱ्यासाठी दोन भाकऱ्या हव्यात." मी दिल्या. रोज देत राहिले. त्या आजाऱ्याचा मखमली डगला हळूहळू परत घट्ट होत चालला.

ऑक्टोबरात जहाज आलं. कप्तान त्यातून स्पेनला गेले, सोबत कारकून आणि कागदांची पेटी. पुढं दोन वर्षांनी नव्याने आलेल्या एका खलाशाने मला सांगितलं, की दरबारात नव्या प्लासेन्सियाची मोठी वाहवा झाली. दगडी चर्च, सरळ रस्ते, आणि तीन हजार शत्रूंनी घातलेला वेढा, ज्यात नऊ सरदार तलवार हातात घेऊन पडले. कप्तानांना घराण्याचं नवं चिन्ह मिळालं, त्यावर एक किल्ला. खलाशी मला विचारत होता, "तू होतीस ना तिथं? किल्ला बघितलास?" मी म्हटलं, "हो तर. खेकडे राखण करायचे."

इथवर सगळा दोष त्यांचा. आता माझा.

शहर उठलं आणि आम्ही उरलेले उत्तर किनाऱ्यावर गेलो. तिथला नवा अधिकारी शहाणा होता, निदान पोटापुरता. त्याने माझी भाकरी चाखली, महिनाभर ठेवून पुन्हा चाखली, आणि त्याचे डोळे चमकले. जहाजावरची बिस्किटं दोन महिन्यांत किडतात. ही वर्षभर टिकते. म्हणजे जहाजं आणखी दूर जातील, आणखी माणसं घेऊन. त्याने मला मोठी छपरी बांधून दिली, वीस तवे दिले आणि मला तिथली मुख्य केलं. लोक मला दॉन्या क्वितेरिया म्हणू लागले. दॉन्या! त्या सतरांना हसले होते मी. मला ते नाव ऐकायला गोड लागलं, खोटं कशाला बोलू?

किसायला माणसं लागत. ती कुठून येतात हे मी विचारलं नाही. शिपाई डोंगरात जात आणि दोरीला बांधून घेऊन येत. एका सकाळी नव्या टोळीत एक म्हातारी फळीपुढं येऊन बसली आणि न सांगता किसू लागली. तिचा हात मी ओळखला. मग चेहरा.

"इताबा," मी म्हटलं.

तिने वर बघितलं. माझा स्वच्छ झगा, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा, सगळं निरखलं. "तू शिकवलंस त्यांना?"

"हो. ते मरत होते गं."

"मग मरू द्यायचं होतंस."

"तुझा भाऊ?"

ती कंद फिरवून दुसऱ्या बाजूने किसू लागली. बोटांची कातडी गेली होती. मी मुकादमाकडं गेले आणि म्हटलं, या बाईला सोडा, हिने आपल्या सगळ्यांचा जीव वाचवलाय. मुकादम हसला. "दॉन्या, मंगळवारी तीन जहाजं सुटतायत. तुम्हीच सांगितलंत ना हात कमी पडतात म्हणून?"

मी सांगितलं होतं. गेल्याच आठवड्यात.

मी परत छपरीत गेले. तिच्या जागी मी बसते म्हणून सांगायला हवं होतं. किल्ल्या फेकून द्यायला हव्या होत्या. मी तिला पाण्याचं भांडं नेऊन दिलं. तिने ते शेजारच्या मुलीकडं सरकवलं. मग मी तव्यांपाशी उभी राहिले आणि भाकऱ्या उलटू लागले, कारण मंगळवार जवळ आला होता.